फुटके गोळे

कपबशांच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत शर्वरीनं भट्टीतून निघालेल्या कपावरून बोट फिरवलं. पांढऱ्या झिलईवर वाळूसारखे दाणे उठले होते. झिलई दळायच्या मिलमध्ये माल बारीक करायला हे नवे गोळे घालू नका, ते मऊ आहेत, झिजून मालात उतरतील, असं तिनं महिन्यापूर्वीच लेखी दिलं होतं.

"तो कागद आता विसरा," मॅनेजर इनामदार म्हणाले. "गोळे मी निवडलेत, म्हणजे ते चांगलेच. मिलवरच्या गेनूमामानं फुटके गोळे वेचून काढले नाहीत, असा रिपोर्ट द्या. नाहीतर प्रयोगशाळा तुमची आहे. नोकरी एकाचीच जाणार, मॅडम. कुणाची ते तुम्ही ठरवा."

मिल रिकामी झाली की गेनूमामा गोळा न् गोळा तळहातावर फिरवून बघत. हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिनं सही केली.

दुपारी मामांना कामावरून काढल्याचं कळलं, आणि जेवणाचा रिकामा डबा घेऊन ते प्रयोगशाळेच्या दारात आले. आता शिव्या देतील, म्हणून ती मान खाली घालून बसली. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"भांडायला नाही आलो, बाई," मामा म्हणाले. "मिलवरचे म्हणत होते, खोटं लिहिलंय. मी म्हटलं, गप बसा. बाई शिकलेल्या आहेत, तपासल्याशिवाय लिहायच्या नाहीत. माझीच नजर अधू झाली असणार. सत्तावीस वर्षं तिच्यावर भरवसा ठेवला."

ते जायला वळले आणि पुन्हा थांबले.

"जमण्यासारखं असतं, तर तुम्ही मला सांभाळून घेतलंच असतं. एवढं कळतं मला."