हात खाली

"तुम्ही हात खाली घ्या म्हणतो मी. मग कळेल," विमलचा नवरा उमाकांत तालीम घेणाऱ्या भीमरावांना म्हणाला.

वाद सुरू झाला होता कालच्या टीव्हीवरून. परदेशातला मोठा वाद्यवृंद दाखवला होता. ऐंशी माणसं वाजवत होती आणि काळ्या कोटातला एकजण स्वतः काहीच न वाजवता सगळ्यांपुढे हात हलवत होता. आज रविवारी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये मंडळाच्या गणपतीसाठी मुलांची तालीम होती, आणि मुलांना न्यायला आलेल्या पालकांत तोच विषय. असा माणूस थोर कशावरून ठरतो? गार्ड शेषराव म्हणत होते, ज्याच्यावाचून पान हलत नाही, तो. उमाकांत बँकेत अधिकारी, कॉलेजात वादविवादाची ढाल आणलेला. त्याचं म्हणणं बरोबर उलट. ज्यानं इतकं पक्कं बसवलंय की त्याची गरजच उरत नाही, तोच थोर.

पुढे पंधरा मुलं अर्धगोलात बसली होती. खिडकीकडच्या टोकाला विमलची सात वर्षांची आनंदी, मांडीत झांजा घेऊन. छपरावर मोर ओरडला. चौदा माना वर गेल्या. आनंदी भीमरावांच्या हाताकडे बघत राहिली.

सगळे तिचं कौतुक करत. पोरगी नजर म्हणून हलवत नाही. विमलला ते कौतुक सोसत नसे.

होळीच्या सुमाराला गोवर येऊन गेला, तेव्हापासून आनंदी समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलायची. पाठमोरी असली की उत्तर नाही. उमाकांत म्हणायचा, लाडावलीय, मनात असेल तेव्हा ऐकते. परवा सोडाला वस्तीतल्या घरी विमलनं तिच्या मागे उभं राहून स्टीलचं ताट मुद्दाम जमिनीवर आपटलं होतं. शेजारच्या गुप्ताजींच्या बाई दारात येऊन विचारून गेल्या. आनंदी चित्र रंगवत होती. विमलनं ताट उचललं, धुतलं, जागेवर ठेवलं. कोणाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं.

"मला बाई शेषरावांचंच पटतं," ती आता म्हणाली. आवाज जरा मोठाच निघाला. लहान मुलं आहेत, हात दिसला नाही तर गोंधळतील, टीव्हीतली एवढी मोठी माणसंसुद्धा बघूनच वाजवत होती, असं ती काहीबाही बोलत राहिली.

"घ्या. घरचीच माणसं फितूर," उमाकांत हसला. "भीमराव, होऊनच जाऊ दे."

भीमराव लोको शेडमध्ये फिटर. तीस वर्षं बॉयलरवरच्या हातोड्यांत काढलेला माणूस, बोलणं कमीच. त्यांनी मुलांवरून नजर फिरवली. आनंदीपाशी ती जरा थांबली. मग त्यांनी हातातली छडी पेटीवर ठेवली.

"सुरू करून देतो," ते म्हणाले. "मग हात बांधतो."

आनंदीला ताप आहे म्हणावं, उठवून न्यावं. विमल भिंतीच्या कडेनं खिडकीपर्यंत गेलीसुद्धा. तोवर एका मुलानं पेटी सुरू केली होती.

दोन ओळी झाल्या. भीमरावांनी हात खाली आणले आणि पोटाशी बांधले. मुलं वाजवत राहिली. मागे उमाकांतनं शेषरावांना कोपरानं डिवचलं. दर आठव्या मात्रेला झांज होती. पाच. सहा. विमलनं डोळे मिटून घेतले.

झांज वाजली. नेमकी जागेवर.

तिनं डोळे उघडले. पुन्हा आठ, पुन्हा झांज. मागच्या लोकांना भीमरावांची नुसती पाठ दिसत होती. विमलला ते कडेनं दिसत होते. बांधलेल्या हातांतून त्यांचा एक अंगठा सदऱ्याच्या बटणावर हलत होता. आठव्याला तो वर उठायचा. आनंदी त्या अंगठ्याकडे बघत होती.

टाळ्या पडल्या. उमाकांत सगळ्यांना ऐकवत होता, आणि सिद्ध कोणी केलं, आमच्या आनंदीनं. हात नाही, खूण नाही, पण पोरगी चुकली नाही. शेषरावांनी हसत हसत हार मानली.

भीमराव खिडकीतल्या माठाशी आले. गडू भरताना विमलकडे न बघता हळूच म्हणाले, "ताई, आमच्या बॉयलरवरचे जुने लोक हाताकडे असंच बघतात. कान गेले की."

विमलनं उमाकांतकडे पाहिलं. "ह्यांना माहीत नाही," ती म्हणाली.

भीमराव पाणी प्यायले. त्यांनी गडू माठावर पालथा घातला.

"अंगठा कुठवर पुरायचा, ताई?"

"आनंदी, चल," दारातून उमाकांतनं हाक मारली. तो अजून हसतच होता. आनंदी त्याच्याकडे पाठ करून झांजांची दोरी गुंडाळत होती. भीमराव तिच्या अगदी समोर उभे होते. त्यांनी दाराकडे नुसतं बोट केलं असतं तरी ती वळली असती. विमल त्यांच्या हाताकडे बघत राहिली.

हात खालीच होता.

उमाकांतनं पुन्हा हाक मारली. तिसऱ्या हाकेला तो हसत नव्हता.