दोन भोकांचा न्यायाधीश

इटलीतल्या त्रिएस्ते शहरात दृष्टिभ्रमांचा अभ्यास करणाऱ्या एका प्रयोगशाळेत एक काळा पुठ्ठा होता. त्याला दोन डोळ्यांइतक्या अंतरावर दोन भोकं पाडलेली. सगळे त्याला 'न्यायाधीश' म्हणायचे. एकाच राखाडी कागदाचे दोन तुकडे घ्या; काळ्यावर ठेवलेला उजळ दिसतो, पांढऱ्यावरचा मळकट. वाद पेटला की न्यायाधीश वर ठेवायचा. भोकांतून नुसते तुकडे दिसतात आणि दोन्ही सारखेच निघतात.

आज मात्र डावं भोक गडदच राहिलं. निवेस या विद्यार्थिनीनं तुकड्यांची अदलाबदल केली. तरी डावंच गडद! ती खुर्चीवरून उडालीच.

"सर, धावत या! डोळ्यांनी आपल्याला गंडवायची नवीच तऱ्हा काढलीय!"

"तुझी कॉफी कमी पडलीय," प्रोफेसर उल्देरिको आपल्या टेबलावरूनच हसले. "प्रकाश मोजायचा मीटर लावून बघ."

तिनं लावला. आकडे तंतोतंत सारखे.

"म्हणजे कागदात काही नाही! सर, शोध लागला, शोध!"

पुठ्ठा घेऊन ती खिडकीकडे पळाली. चौथ्या मजल्याखाली भर दुपारचा समुद्र लखलखत होता. तिनं हात लांब करून पुठ्ठा खिडकीबाहेर धरला. उजव्या भोकात लख्ख ऊन. डावं मात्र तसंच; पलीकडून कुणी डोळा लावला की दाराच्या कुलपाचं भोक काळवंडतं ना, तसं.

"अजूनही डावं गडद आहे, सर!"

"दोन्ही सारखीच असणार, पोरी. न्यायाधीश चुकत नाही. नीट बघ."

तिनं नीट बघितलं. उजव्या भोकातलं ऊन हळूच विझलं.

सरांचंच खरं झालं. आता दोन्ही भोकं अगदी सारखी काळवंडलेली होती.