बंदीच्या महिन्यातले शनिवार

लामिलेनं संगणकातल्या आक्रा शहरात अंत्ययात्रा सोडल्या आणि इस्पितळाच्या रस्त्यावरचे ठिपके जागच्या जागी थांबले.

एक ठिपका म्हणजे एक गाडी. मिनिटामिनिटाला शहर कसं वाहील ते हे मॉडेल दाखवायचं. त्याच्याच भरवशावर उद्या, शनिवारी, खाडीवरचा पूल चाचणी म्हणून फक्त बससाठी ठेवून बाकीच्या गाड्या इस्पितळावरून वळवायच्या होत्या. शनिवारी रस्ते ओस असतात, असं मॉडेल सांगत होतं. मंत्र्यांनी ते रेडिओवर जाहीरही करून टाकलं होतं.

मघाशी हिशेबखात्यातली बाई शिंप्याकडून शोकाचं काळं-लाल कापड आणायला लवकर निघाली, आणि लामिलेनं मोजणीच्या तारखा काढून पाहिल्या.

"आपण गाड्या मोजल्या बंदीच्या महिन्यात, सर," ती साहेबांना म्हणाली. "ढोल नाही, गाणं नाही, शनिवारच्या अंत्ययात्रा नाहीत. शनिवार रिकामेच दिसणार."

ओदार्तेसाहेबांनी चष्मा काढला. तेही आक्राच्या मूळ गा जमातीचे, तीही. सणाआधीची ती शांतता दोघांनी जन्मभर पाळलेली, आणि मोजणीच्या वेळी एकालाही आठवू नये? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"उद्या बंदी उठल्यावरचा पहिला शनिवार. किती निघतील?"

"अडकलेल्या सगळ्याच. माझी आजीसुद्धा शवागारात पडून आहे."

"आणि अँब्युलन्स?"

लामिलेनं पडद्यावरचा एक ठिपका दाखवला. तो हलतच नव्हता.

साहेब बराच वेळ फोनवर "हो सर, हो सर" करत राहिले. मग म्हणाले, "मंत्री ऐकत नाहीत. म्हणतात, मेलेल्यांसाठी मी माझा शब्द फिरवू? तूही आता गप्प राहा. नोकरी मलाही हवी आहे."

लामिलेची नजर त्याच ठिपक्यावर होती. उद्या कुणाचं बाळंतपण अडलेलं असेल, कुणाला दम लागलेला असेल. त्यांची नावं तिला ठाऊक नव्हती, आणि त्यामुळे ती आणखीच घाबरली होती.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. अक्वेतेकाका. आजीच्या कार्याचं सगळं त्यांच्याकडेच होतं.

"पोरी, तू रस्त्यांच्या खात्यातली, तूच सांग. पूल बंद म्हणे उद्या. मग म्हातारीला न्यायचं कुठून? उद्या अंत्यविधी असलेली बाकीची घरंही मलाच विचारतायत. इस्पितळावरून वळू का सगळे?"

तिनं वर पाहिलं. साहेब तिच्याकडेच बघत होते. मग त्यांनी खुर्ची फिरवली आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

"नको काका. सगळ्यांना पुलावरूनच आणा."

"आणि पोलिसांनी अडवलं म्हणजे?"

"म्हणून तर आजीला सगळ्यांच्या पुढे ठेवा."