चाळिसावं नाव

स्वित्झर्लंडला जाणाऱ्यांच्या यादीत आपलं नाव सतराव्या नंबरावर आहे हे कळल्यावर जयसिंगरावांनी चष्मा काढला, कागदाची घडी घातली आणि घडीवर सुपारीचा डबा ठेवला.

"पहिलं कुणाचं हाय?"

"अभयचं," सहल नेणारा सुदर्शन म्हणाला.

अभय म्हणजे जयसिंगरावांच्या धाकट्या चुलतभावाचा मुलगा. वय बावीस. त्यानं सकाळीच यादीचा फोटो भावकीच्या ग्रुपवर टाकला होता आणि स्वतःच्या नावापुढे मुकुट काढला होता.

"काका, कॉम्प्युटरनं ती इंग्रजी अक्षरांप्रमाणे लावलीय. ए आधी येतो, जे नंतर."

"अक्षरांना आमच्या भावकीतलं काय म्हाईत?"

सुदर्शनच्या टूरिझमच्या डिप्लोमात हा विषय नव्हता.

सव्वाचार वाजले होते. पाचच्या आत चाळीस नावं गेली नाहीत तर धरून ठेवलेल्या चाळीसही सीटा एअरलाइन सोडून देणार होती. एकोणचाळीस चालणार नव्हती. गटाचा दर चाळिसालाच होता. कसबा पेठेत एका टेबलावर चालणाऱ्या सुदर्शनच्या ट्रॅव्हल कंपनीची ही पहिली परदेशी सहल होती. ही हातची गेली की टेबलही जाणार होतं. गेले आठ महिने तो दर रविवारी मांजरी गावी येत होता आणि गावचा आचारी सोबत का नेता येत नाही, बर्फ धुऊन खावा लागतो का, असल्या प्रश्नांना हसतमुखानं उत्तरं देत होता. आता गाल दुखायला लागले होते.

"क्रम बदलला तरी एअरलाइनला फरक पडत नाही," त्यानं लॅपटॉप उघडला. "सांगा, कसा लावू?"

"लग्नाच्या पत्रिकेत लावत्यात तसा."

जयसिंगराव मांडी बदलून बसले. पहिलं नाव त्यांच्या आईचं, सोजरबाईंचं. त्या भिंतीशी बसून मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मग स्वतः जयसिंगराव. मग वयाप्रमाणे भाऊ, मग चुलते घराप्रमाणे.

"जावई मधी घ्या. कडंला नको."

"बसमध्ये?"

"यादीत."

अभय बत्तिसावर गेला. शेवटी विक्रम आले, जयसिंगरावांचे मावसभाऊ. जयसिंगरावांनी नवी यादी अभिमानानं ग्रुपवर टाकली. दोन मिनिटांत विक्रमचा फोन आला. जयसिंगरावांनी तो स्पीकरवर टाकला.

"शेवटी आमी का?"

"अहो, कुणीतरी शेवटी असणारच," सुदर्शन म्हणाला.

"असू द्या की. आमीच का?"

"मी टूर मॅनेजर म्हणून चाळिसांत आहे. माझं नाव शेवटी टाकतो. तुम्ही एक घर वर या."

"आता वर येऊन काय उपेग? लोकांनी बघितलं न्हवं. आमी येत न्हाई. तुमी करा स्वित्झर्लंड."

फोन बंद झाला. एकोणचाळीस. पाचला तेरा मिनिटं.

"शेजारपाजारचं कुणी येईल का काका? मित्र? कुणीही?"

"नात्याभाईरचा माणूस?" जयसिंगरावांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्यानं विमानात म्हैस घेऊ का असं विचारलं होतं. मग त्यांनी डबा उघडून सुपारी तोंडात टाकली. "विक्रमचं खोडा. तात्यांचं टाका."

"तात्या कोण?"

"आमचे वडील."

"पासपोर्ट आहे त्यांचा?"

"धा-बारा वर्सं झाली त्यास्नी जाऊन."

सुदर्शन हसला. बाकी कुणी हसलं नाही.

"पत्रिकेत कैलासवासी म्हणून पयलं नाव त्यांचंच असतं," जयसिंगराव म्हणाले. "मगाशी माझ्याच ध्यानात न्हाई आलं, ही माझी चूक."

"ही पत्रिका नाहीये हो काका."

"चाळीस माणसं एका गाडीत बसून निघाल्यात. मंग लग्न न्हाई तर काय बारसं हाय?"

सुदर्शननं एअरलाइनच्या ग्रुप बुकिंगमधल्या सलिलला फोन लावला. सलिल म्हणाला, आत्ता फक्त नावं द्या, पासपोर्ट महिन्याभरानं. एखादा आला नाही तर त्याच्या सीटचे पैसे बुडतात, बाकीच्यांचा दर तसाच राहतो.

"कुणी येणार नाहीये का?" सलिलनं विचारलं.

"एकांची तब्येत," सुदर्शन म्हणाला.

"पैशे बुडू द्या," जयसिंगराव मध्येच मोठ्यानं म्हणाले. "तात्यांचंच हायती."

पाचला चार मिनिटं असताना तात्या पहिल्या नंबरावर आले आणि सोजरबाई एका घरानं खाली सरकल्या. सुदर्शननं बटण दाबलं. यादी गेली नाही. पडद्यावर एक चौकोन लाल झाला.

"आता काय झालं?"

"जेवणाचा रकाना रिकामा आहे." सुदर्शननं डोळे मिटले. "तात्यांचा. शाकाहारी टाकून देतो."

"टाका, टाका."

मेथीच्या काड्या मोडण्याचा आवाज थांबला.

"साधं नका टाकू," सोजरबाई म्हणाल्या. "त्यास्नी साखर चालत न्हाई."

सुदर्शननं जेवणांचे पर्याय हळूहळू खाली सरकवले. मधुमेह्यांसाठी, असा एक होता.