लेक्चर चालू हाय

फवारणीच्या औषधाचा डबा फळीवर नव्हता. जमुनाने सगळा गोठा पालथा घातला. ढेपेच्या पोत्यांमागे पाहिलं, गव्हाणीखाली हात घातला. डबा नाहीच.

घरधनी खुशालराव सकाळीच न सांगता बाहेर पडले होते. कपाशी बुडाली त्या साली याच माणसाला तिने डोळ्यांत तेल घालून राखलं होतं. औषधं उचलून शेजारच्या बेबीताईकडे नेऊन ठेवली होती. मग पिकं बरी आली, माणूस हसायला लागला आणि आपण गाफील राहिलो! येडी गं बाई मी, येडी!

प्रणालीला हाक मारायला ती खोलीच्या दाराशी आली. आत मोबाइलवर मास्तर शिकवत होते. कोरोनाने अमरावतीचं कॉलेज बंद पडल्यापासून पोरीची बीएस्सी वलगावच्या या खोलीतच चालली होती. लेक्चर असलं की घरात कोणी भांडंही वाजवत नसे. त्यात परीक्षा तोंडावर. पोरीला कशाला घाबरवायचं? जमुना एकटीच वावराकडे पळत सुटली.

खुशालराव धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, खड्डा बुजवत होते.

"डबा कुठी हाय? खरं सांगा, तुमाले पोरीची आन हाय!"

"गाडला." त्यांनी वरची माती तळव्याने दाबली. "पोरीच्याच भेवानं गाडला."

"पोरीच्या?"

"महिनाभर चोरून रडे. काईच समजत नाई म्हने. परवापासून रडणं बंद. काल माह्ये पाय चेपले, नवी ओढणी चुलत बहिणीले देऊन टाकली. लय गोड बोलून राहिली वं. जवळ बसाले गेलो, तं लेक्चर चालू हाय म्हने." त्यांनी हातातलं ढेकूळ टाकलं. "त्या साली मीबी असाच गोड झालतो."

जमुना घराकडे पळाली. मागून खुशालराव.

तिने दार ढकललं. मास्तर एकटेच बोलत होते. प्रणाली भिंतीशी बसून होती, मोबाइलकडे पाहतही नव्हती. जमुनाने तिला छातीशी आवळलं.

"नापास झाली तं झाली. आमाले तू पाह्यजे!"

पोरगी आधी लाकडासारखी ताठ राहिली. मग तिने हंबरडा फोडला.

"आई, तुले कसं समजलं?"

खुशालराव मातीचे हात घेऊन दारातच उभे होते. आत यायला भीत होते.

"मले नाई समजलं, माय. तुह्या बापाले समजलं."