सत्तेचाळीस नाहीतर एकोणपन्नास

"हा आकडा बदल," मॅनेजर म्हणाला.

"मोजला तोच टाकलाय," मावशी म्हणाली. "शहाऐंशी."

दगडाची पूड करणाऱ्या त्या कारखान्यात धूळ मोजायचा तो पहिलाच दिवस होता. त्याआधी मावशी कॉम्प्युटरवर हजेरी ठेवायची. टाकायची ती नुसता एक नाहीतर शून्य. छापून यायचं 'हजर' नाहीतर 'रजा'. आत आकडा तोच राहून बाहेर शब्द दिसावा, अशी अट कॉम्प्युटरवरच्या खान्यांना तिच्या भाचीने घालून दिली होती. मॅनेजरला तो स्वच्छ कागद भारी आवडला. म्हणून तर धूळमोजणी तिच्याकडे आली.

मर्यादा पन्नासची. धूळ रोजच त्याच्या वर गेली तर तपासणीत शेड बंद होणार, धूळ ओढणारे पंखे बसवल्याशिवाय उघडणार नाही. मावशीची धाकटी बहीण त्याच शेडमध्ये पोती भरायची. वर्ष झालं, तिचा खोकला हटत नव्हता.

"पन्नासच्या आत आण."

"कसं आणू? शेडमध्ये जाऊन फुंकर मारू?"

मॅनेजर हसला नाही. "उद्यापासून माझा मेहुणा मोजेल. तू झाडू घे."

मावशी तरातरा दारापर्यंत गेली. समोर शेडमध्ये धाकटी तोंडाला फडकं बांधून, पोत्यावर हात टेकून खोकत होती. मावशी तिथूनच परत फिरली.

"मेहुण्यांना कशाला त्रास? कागदावर पन्नासच्या वर काही दिसणार नाही."

"आता कशी शहाण्यासारखी बोललीस!"

त्या संध्याकाळी शहाऐंशीच्या जागी सत्तेचाळीस छापून आलं. मॅनेजर कॉम्प्युटरला कधी हात लावत नसे. कागद बघायचा, सही ठोकायची, एक प्रत फलकावर लावायला सांगायची, संपलं.

सत्तेचाळीस. एकोणपन्नास. सत्तेचाळीस. सत्तेचाळीस.

आठवड्याने धाकटीने तिला फलकापाशी गाठलं. "ताई, सत्तेचाळीस? मग मी काय हौस म्हणून खोकतेय?"

"कामाला लाग."

"लागते ना. तू बस मॅनेजरच्या मांडीला मांडी लावून."

त्या दिवसापासून धाकटी डबा घेऊन लांब बसू लागली. इतर बायकाही तिच्याबरोबर उठल्या. मावशी एकटी जेवायची आणि वेळेवर शेडमध्ये धूळ मोजायचं यंत्र टांगायला जायची. एक दिवससुद्धा चुकली नाही.

"रोज सत्तेचाळीस नाहीतर एकोणपन्नास," मॅनेजर एकदा म्हणाला. "अठ्ठेचाळीस कधीच कसं नाही गं?"

"हवं असेल तर तसं करते."

"राहू दे, राहू दे. चाललंय ते झकास आहे."

चार महिन्यांनी तपासनीस बाई आल्या. मॅनेजरने कागदांची फाइल पुढे सरकवली. "प्रत्येक पानावर माझी सही आहे, मॅडम. कुठे बोट ठेवायला जागा नाही."

तेवढ्यात धाकटी दारात येऊन उभी राहिली. फडकं तिने हातात घेतलं होतं. "सगळं खोटं आहे!" ती ओरडली. "कामावरून काढायचं तर काढा, पण ते आकडे खोटे आहेत!"

"हिच्या सख्ख्या बहिणीनेच मोजलेत, मॅडम," मॅनेजर हसत म्हणाला. "विचारा ना तिला."

तपासनीस बाईंनी मावशीकडे पाहिलं.

"मोजला तोच आकडा टाकलाय," मावशी म्हणाली. "एकूण एक."

"थू तुझ्या जिभेवर!" धाकटी म्हणाली.

मावशीने तिच्याकडे बघितलंही नाही. ती खुर्चीवरून उठली. "बाई, तुम्ही इथे बसा. कागदावर नका जाऊ."

बाई बसल्या. पडद्यावरही तेच होतं, सत्तेचाळीस, एकोणपन्नास, सत्तेचाळीस. मॅनेजरने खुशीत पाण्याचा ग्लास उचलला.

"पहिल्या दिवसाच्या खान्यावर टिचकी मारा," मावशी म्हणाली, "आणि वरच्या पट्टीत बघा."

बाईंनी सत्तेचाळीसवर टिचकी मारली. वरच्या पट्टीत आकडा उमटला: शहाऐंशी.