ओसाड गाव

बोरवंडचा पार दिसला तशी सगुणा कुंभारीण औषधाची बाटली सांभाळत उठली. बिनड्रायव्हरची बस मात्र थांबेना. तिने पत्रा बडवला.

"अगं, थांब की! सकाळी हितंच बसले मी!"

"बोरवंडमध्ये वर्षभरात एकही खरेदी-विक्री झालेली नाही," बस मंजुळ आवाजात म्हणाली. "नव्या धोरणानुसार गाव ओसाड ठरलंय. थांबा दुपारपासून रद्द."

"ओसाड कसं? मी मडकी देते, लोक जोंधळे देत्यात. न्हावी, सुतार, समद्यांचं तसंच चालतंय!"

"तशी नोंद नाही."

पाराजवळ सून तापलेलं पोर कडेवर घेऊन हात करत होती. बस तिच्या अंगावर धूळ उडवत पुढे निघाली.

"कुठे उतरणार?" बसने विचारलं.

सगुणाला दुसऱ्या कुठल्याच गावाचं नाव सुचेना.